शोधनिबंध छापताना: लेखकांच्या यादीपासून निबंध मागे घेण्यापर्यंत

प्रकाशन-नीतीची तक्रार होते निबंध छापून आल्यावर, पण तिचं मूळ बहुतेक वेळा काम सुरू होतानाच्या एखाद्या न बोललेल्या गोष्टीत असतं. लेखक कोण हे ठरलेलं नसतं, मूळ माहिती कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर पडलेली असते, एथिक्स कमिटीची मंजुरी ‘घेऊ नंतर’ म्हणून राहून गेलेली असते. संपादकाच्या हाती शेवटचा मजकूर तेवढा येतो. म्हणून इथे टप्पे कामाच्या क्रमाने लावले आहेत. पीएचडीचे विद्यार्थी, त्यांचे गाइड आणि बढतीसाठी निबंध लिहिणारे प्राध्यापक हे वाचक धरले आहेत.

मंजुरी आणि मूळ नोंदी

रुग्ण, विद्यार्थी, बचत गटातल्या महिला, कोणाकडूनही माहिती घेणार असाल तर पहिली प्रश्नावली भरून घेण्याआधी एथिक्स कमिटीकडे अर्ज करा. ‘साधं सर्वेक्षण तर आहे, औषधबिषध काही नाही’ हे कारण पुरेसं आहे की नाही ते कमिटीने ठरवायचं. तिने सूट दिली तर सूट दिल्याचं पत्र घ्या. मागच्या तारखेची मंजुरी मागू नका. निबंधात मंजुरीची तारीख आणि माहिती गोळा केल्याचा कालावधी दोन्ही द्यावे लागतात, आणि रिव्ह्यूअर, म्हणजे छापण्याआधी निबंध तपासणारा तज्ज्ञ, ते शेजारी ठेवून वाचतो. महाविद्यालयात कमिटीच नसेल तर विद्यापीठाकडे लेखी विचारणा करा; उत्तर आलं नाही तरी त्या पत्राची पोच जपून ठेवा.

औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय या भारतीय नोंदवहीत नोंद करावी लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. पहिला रुग्ण सामील करण्याआधी नोंद झाली नसेल तर आयसीएमजेई, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, हिचे नियम पाळणारी जर्नलं निबंध घेत नाहीत. इथे एक आठवडा उशीर झाला तरी तो उशीरच.

मूळ नोंदींबाबत तीन सवयी लावून घ्या. भरलेल्या प्रश्नावल्या स्कॅन करून ठेवा, नावं आणि उत्तरं वेगळ्या फायलींत ठेवा आणि दोन्ही जोडणारी सांकेतिक यादी एकाच जबाबदार माणसाकडे द्या. एक्सेलची मूळ फाइल ‘रीड ओन्ली’ करा; दुरुस्त्या नक्कल फाइलमध्ये करा आणि कुठली नोंद का गाळली ते एका ओळीत लिहा. सूक्ष्मदर्शकाची किंवा जेलची (प्रथिनं, डीएनए वेगळे करायच्या प्रयोगातल्या थराची) छायाचित्रं यंत्राने दिली त्याच स्वरूपात ठेवा. पूर्ण चित्राचा उजेड सारखा वाढवणं चालतं. चित्राचा एकच भाग उजळणं, पुसणं किंवा दुसरीकडून आणून चिकटवणं चालत नाही. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ निबंधांमधली चित्रं नजरेने तपासली, तेव्हा ३.८ टक्के निबंधांत संशयास्पद पुनरावृत्ती सापडली. त्यातल्या काही ठिकाणी चुकीची फाइल जोडली गेली असेल, पण मूळ फाइल हाताशी नसली की चूक आणि लबाडी यांतला फरक सिद्ध करता येत नाही.

लेखक कोण, आणि कितवा

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. आयसीएमजेईचे निकष चार आहेत: कल्पना, आराखडा, माहिती गोळा करणं किंवा तिचं विश्लेषण यांपैकी कशात तरी भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात आशयाच्या अंगाने दुरुस्त्या करणं, अंतिम मजकुराला मान्यता, आणि पूर्ण निबंधाची उत्तरं देण्याची जबाबदारी. चारही लागू झाले तरच लेखक. विभागप्रमुख आहेत, प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडे असते, निधी त्यांच्या नावावर आला, यांतलं एकही कारण एकट्याने पुरत नाही. अशांची नावं आभारात घ्या, तीही त्यांना विचारून. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. संख्याशास्त्राचं सगळं काम ज्याने केलं त्याला ‘पैसे दिले की’ म्हणून वगळलं, तर तोही नियमभंग होतो.

फुकटचं लेखकपद आपल्याकडे इतकं का बोकाळलं, याचं उत्तर गुणांच्या हिशेबात आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, प्राध्यापकांच्या भरती-बढतीविषयीच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञान शाखेच्या एका निबंधाला ८ गुण आहेत. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के मिळतात. दोनपेक्षा जास्त असतील तर प्रथम किंवा करस्पाँडिंग लेखकाला (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्याला) ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. आता हिशेब करा. दोन प्राध्यापकांनी स्वतंत्रपणे एकेक निबंध लिहिला तर प्रत्येकी ८ गुण. त्याच दोन निबंधांवर दोघांनी एकमेकांची नावं घातली तर प्रत्येकी ११.२. ‘तू माझं नाव घाल, मी तुझं घालतो’ हा व्यवहार नियमानेच फायद्याचा करून ठेवला आहे. पण चौकशी लागते तेव्हा ज्याने निबंध वाचलेलाही नाही तोही लेखक म्हणून उत्तरदायी ठरतो, आणि ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं म्हणजे आपण लेखक नव्हतो याची कबुली.

उपाय साधा आहे. कामाच्या पहिल्या महिन्यातच सगळ्यांना एक ईमेल पाठवा. मजकूर असा चालेल:

‘या कामातून निबंध झाला तर सध्याच्या अंदाजाने लेखकांचा क्रम असा राहील: …. प्रत्येकाचं काम असं: …. काम बदललं तर क्रम बदलेल. बदल सगळ्यांच्या लेखी संमतीनेच होईल. मान्य असल्यास या ईमेलला उत्तर द्यावं.’

कामांची नावं द्यायला ‘क्रेडिट’ ही १४ भूमिकांची यादी सोयीची पडते: संकल्पना, पद्धती, विश्लेषण, माहितीची व्यवस्था, पहिला मसुदा वगैरे. ही माहिती आता अनेक जर्नलं पोर्टलवरच मागतात. पीएचडीच्या प्रबंधातून निघालेल्या निबंधात विद्यार्थी पहिला असावा, हा बहुतेक शाखांमधला शिरस्ता आहे. गाइडचं नाव आपोआप येत नाही. वरचे चार निकष त्यांनाही लागू आहेत. हे तोंडावर बोलणं अवघड आहे, मान्य. म्हणूनच बोलणं निबंध तयार झाल्यावर नको, सुरुवातीला हवं.

निबंध पाठवल्यावर नाव वाढवायचं किंवा काढायचं असेल तर जर्नल थांबतं आणि सर्व लेखकांची, वगळल्या जाणाऱ्याचीही, लेखी संमती मागतं. स्वीकृतीनंतर अचानक दोन परदेशी नावं वाढली, तर लेखकपद विकल्याचा संशय घेतला जातो. ऑनलाइन ग्रुपांवर ‘स्कोपस पेपर, तिसरी जागा रिकामी’ अशा जाहिराती फिरतात (स्कोपस ही निवडक जर्नलांची आंतरराष्ट्रीय सूची), त्यामुळे संपादकांचा संशय अनाठायी नसतो.

चॅटजीपीटीसारखं साधन लेखक होऊ शकत नाही. प्रकाशन-नीतीवर काम करणारी कोप ही समिती आणि आयसीएमजेई या दोघींनी २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं. कारण जबाबदारीचं आहे: साधनाला चौकशीला बोलावता येत नाही. भाषा सुधारायला वापरलं असेल तर जर्नलच्या सूचना वाचून, सांगितलं असेल तिथे साधनाचं नाव आणि केलेलं काम लिहा. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. खऱ्या लेखकांची नावं जोडून अस्तित्वातच नसलेले निबंध ते बेधडक देतं.

जर्नल निवडणं

‘यूजीसी केअर लिस्टेड’ असा शिक्का अजूनही शेकडो जर्नलांच्या मुखपृष्ठावर दिसतो. यूजीसीची मान्य जर्नलांची ती यादी २०१९ पासून होती आणि तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या प्रकाशन-नीती केंद्रातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सूचना काढून यूजीसीने ती बंद केली. आता जर्नल पारखण्याचे निकष सुचवले आहेत आणि जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. त्याआधीच्या ‘मान्यताप्राप्त’ यादीची गत काय होती, तेही आठवणीत असू द्या. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या पाहणीत विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली १,००९ जर्नलं तपासली गेली. पात्र ठरली ११२. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढली. तेव्हा यादी कोणाचीही असो, तपास स्वतः करायचा. अर्धा तास लागतो.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख-क्रमांक, त्याच्या पोर्टलवर टाका. नाव आणि प्रकाशक जुळतात का पाहा. जुळले तरी एवढंच कळतं की या नावाचं नियतकालिक आहे. आयएसएसएन हा नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. स्कोपसमध्ये असल्याचा दावा असेल तर त्यांच्या ‘सोर्सेस’ पानावर, जे फुकट उघडतं, आयएसएसएन टाकून शोधा आणि समावेशाची वर्षं वाचा. अनेक जर्नलं एकेकाळी होती, मग काढली गेली. जाहिरातीत मात्र अजून आहेतच. जर्नलच्या संकेतस्थळावर शक्यतो त्या पानावरून किंवा आयएसएसएन पोर्टलवरून जा, गूगलवरून नको. स्वतःचं संकेतस्थळ नसलेल्या जुन्या, प्रतिष्ठित छापील जर्नलांच्या नावाने बनावट संकेतस्थळं चालतात; नाव खरं, आयएसएसएन खरा, पैसे भलत्याच्या खात्यात.

मग ताजा अंक उघडा. तीन निबंधांचे डीओआय, म्हणजे प्रत्येक निबंधाचे कायमचे ऑनलाइन ओळख-क्रमांक, ‘डीओआय डॉट ऑर्ग’वर टाकून उघडतात का पाहा. ‘प्राप्त’ आणि ‘स्वीकृत’ तारखांमधलं अंतर बघा. चार दिवसांत स्वीकृती म्हणजे निबंध कोणी वाचला नाही. एकाच अंकात आयुर्वेद, जीएसटी, दलित आत्मकथन आणि नॅनोकण असतील तर ‘बहुविद्याशाखीय’ या शब्दाआड काय आहे ते समजून घ्या. संपादक मंडळातल्या एखाद्या माणसाच्या विद्यापीठातल्या पानावर या जर्नलचा उल्लेख आहे का, ते पाहा. अनेकांना आपलं नाव तिथे आहे याचा पत्ताच नसतो. जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधले निबंध सरासरी किती उद्धृत होतात याचा आकडा, क्लॅरिव्हेट ही कंपनी देते. भलत्याच नावाचा, दरवर्षी न चुकता वाढणारा आकडा दिसला की समजावं. आणि शुल्क कोणाच्या व्यक्तिगत यूपीआयवर मागितलं तर पुढचं काही तपासायची गरज नाही.

शुल्क घेणं म्हणजेच फसवणूक, असं मात्र नाही. अनेक चांगली मुक्त-प्रवेश (कोणालाही फुकट वाचता येणारी) जर्नलं लेखकाकडून शुल्क घेतात. ती रक्कम संकेतस्थळावर आधीच लिहिलेली असते आणि स्वीकृती-नकारावर तिचा परिणाम होत नाही. शुल्क न घेणारी चांगली जर्नलं डीओएजे या मुक्त-प्रवेश निर्देशिकेत गाळणी लावून सापडतात.

एकदिवसीय परिसंवादाचा ‘विशेषांक’ हा आपल्याकडचा खास प्रकार. नोंदणी शुल्कातच छपाई, शंभरावर निबंध, रिव्ह्यू कोणाचाच नाही. तिथे छापलेला निबंध पुढे चांगल्या जर्नलला देता येत नाही, कारण तो आता प्रकाशित झाला. चांगली माहिती अशा अंकात घालवली की ती कायमची गेली.

यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने ती स्वतःहून ठेवली असू शकते. घाईत पैसे भरण्याआधी तो नियम वाचा.

साम्य आणि चौर्य

यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य-प्रतिबंध नियमांत चार पातळ्या आहेत: साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही (ही शून्य पातळी), मग पहिली ते तिसरी, म्हणजे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा चढत्या शिक्षा. प्रबंधाला पहिल्या पातळीवर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, दुसऱ्यावर वर्षभर सादर करता येत नाही, तिसऱ्यावर नोंदणी रद्द. छापील निबंधाच्या बाबतीत पहिल्या पातळीवर तो मागे घ्यायचा. दुसऱ्या पातळीवर त्याखेरीज एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. तिसऱ्यावर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं. संदर्भसूची, योग्य श्रेय दिलेली अवतरणं, कायद्याची कलमं, प्रमाण समीकरणं आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजणीतून वगळायचं असतं. सारांश, गृहीतक, निरीक्षणं आणि निष्कर्ष यांत साम्य नसावंच, अशी टीपही तिथे आहे. ती फार थोडे वाचतात.

त्यामुळे साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट उघडल्यावर एकूण आकडा शेवटी पाहा, आधी स्रोतांची यादी पाहा. एकूण ९ टक्के, पण त्यातले ७ एकाच निबंधाच्या चर्चा-विभागातून आलेले, हे प्रकरण गंभीर आहे. एकूण १९ टक्के, पण एकेका टक्क्याचे तुकडे कार्यपद्धतीतल्या ठरलेल्या वाक्यांचे, हे त्या मानाने निरुपद्रवी. तरी महाविद्यालय १० वर अडणार, म्हणून खुलासा जोडा. ६५ टक्के आले आणि स्रोत शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचा तुमचाच प्रबंध निघाला, तर घाबरू नका. तो स्रोत वगळून दुसरा रिपोर्ट काढा, दोन्ही जोडा आणि निबंध प्रबंधावर आधारित असल्याचं पहिल्या पानावर लिहा.

आकडा खाली आणण्यासाठी शब्द बदलत बसणं हा रोगापेक्षा वाईट उपाय आहे. समजा मूळ वाक्य आहे: ‘ठिबक सिंचनामुळे ऊस पिकात पाण्याची बचत होते व खतांचा कार्यक्षम वापर शक्य होतो.’ त्याचं ‘ड्रिपमुळे ऊसशेतीत पाणी वाचते आणि खते परिणामकारकपणे वापरता येतात’ असं केलं, तर सॉफ्टवेअर गप्प बसेल, पण वाक्याचा सांगाडा आणि विचाराचा क्रम दुसऱ्याचाच राहिला. शेवटी संदर्भ दिला असला तरी हे उसनं लेखन आहे. योग्य रीत अशी: मूळ वाचा, पान मिटा, आणि त्यातलं तुमच्या मुद्द्याला हवं तेवढंच स्वतःच्या गरजेतून लिहा. इथे कदाचित ‘ठिबकाचा पाण्यातला फायदा अनेकांनी नोंदवला आहे, खताच्या मात्रेचा प्रश्न आम्ही वेगळा काढला’ आणि संदर्भ. शब्दशः हवं असेल तर अवतरणचिन्हं आहेतच.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद स्वतःच्या नावावर देणं हेही चौर्यच आहे. सॉफ्टवेअरला ते सहसा दिसत नाही, त्या विषयाच्या रिव्ह्यूअरला दिसतं. आणि युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेल्या पीडीएफमधून मजकूर काढला की रोमन अक्षरांची खिचडी बाहेर पडते. अशा मजकुराशी तुलना होतच नाही, म्हणून शून्य टक्के येतात. तो शून्य स्वच्छतेचा पुरावा नाही. गाइडने आधी फाइल युनिकोडमध्ये मागावी.

स्वतःचंच लेखन पुन्हा वापरताना आधीच्या निबंधाचा संदर्भ द्या. एकाच सर्वेक्षणाचे पाच तुकडे करून पाच निबंध करणं ही वेगळी लबाडी आहे: पुढे कोणी सगळ्या अभ्यासांची बेरीज करायला गेलं की तेच २०० लोक पाच वेळा मोजले जातात.

पाठवताना आणि रिव्ह्यूच्या काळात

एका वेळी एकच जर्नल. उत्तराला सहा महिने लागले तरी दुसरीकडे पाठवण्याआधी पहिल्याला लेखी मागे घेतल्याचं कळवा आणि त्यांची पोच येईपर्यंत थांबा. सोबतच्या पत्रात चार वाक्यं पुरतात: निबंध दुसरीकडे विचाराधीन नाही; आधी प्रीप्रिंट म्हणून (रिव्ह्यूआधीच ऑनलाइन) किंवा परिषदेत मांडला असल्यास कुठे; सर्व लेखकांनी अंतिम मसुदा वाचला आहे; हितसंबंध आणि निधी असे. हितसंबंध म्हणजे फक्त पैसा नव्हे. ज्या साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर निबंध आहे त्याच कारखान्याचे तुम्ही सल्लागार असाल तर ते लिहा. लिहिल्याने निबंध नाकारला जात नाही. लपवल्याचं उघड झालं तर पंचाईत होते.

रिव्ह्यूअर सुचवताना मित्र, माजी गाइड आणि अलीकडचे सहलेखक टाळा. संस्थेचाच ईमेल द्या. खोटे पत्ते देऊन स्वतःच स्वतःचा रिव्ह्यू लिहिण्याचे प्रकार झाले आहेत, म्हणून जीमेलकडे आता संशयाने पाहतात. पाहुण्या संपादकांच्या विशेषांकांतून तर हे कारखान्यासारखं चाललं. वायलीने २०२१ मध्ये घेतलेल्या हिंदावी या प्रकाशनाला २०२३ या एका वर्षात ८,००० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले.

रिव्ह्यूअरने स्वतःच्याच पाच निबंधांचे संदर्भ घालायला सांगितले तर प्रत्येक वाचा. लागू असेल तो घाला. उरलेल्यांबद्दल उत्तरपत्रात नम्रपणे ‘आमच्या प्रश्नाशी थेट संबंध नाही’ असं लिहा आणि संपादकाला वेगळं कळवा. तुम्ही स्वतः रिव्ह्यूअर असाल तर आलेली फाइल कोणत्याही एआय साधनात टाकू नका, संपादकाला न विचारता विद्यार्थ्याकडून वाचून घेऊ नका, आणि त्यातली कल्पना छापून येईपर्यंत तुमची नाही.

छापून आल्यावर

चूक सापडली तर ती दुसऱ्या कोणी दाखवण्याआधी स्वतः संपादकाला लिहा. निष्कर्ष बदलत नसेल, उदाहरणार्थ तक्त्यातला एक आकडा किंवा संस्थेचं नाव, तर शुद्धिपत्र निघतं. निष्कर्षच टिकत नसेल तर निबंध मागे घेतला जातो. चौकशी चालू असताना जर्नल ‘चिंता व्यक्त करणारी’ सूचना लावू शकतं. प्रामाणिक चुकीमुळे लेखकांनीच मागे घेतलेल्या निबंधाच्या सूचनेत तसं नमूद करायला सांगा. नेमकं कारण लिहिलेलं असणं तुमच्याच हिताचं आहे. कोपने अशा प्रत्येक प्रसंगासाठी संपादकांना पायऱ्यांचे तक्ते दिले आहेत, ते संकेतस्थळावर फुकट आहेत. तक्रार करायची असो की उत्तर द्यायचं असो, आधी ते पाहिले की संपादक पुढे काय विचारणार हे कळतं.

वेग बाकी फार वेगवेगळा असतो. गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध ऑटिझमशी सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ने पूर्णपणे मागे घेतला २०१० मध्ये. त्याच ‘लॅन्सेट’मध्ये २२ मे २०२० ला आलेला, कोविडच्या रुग्णांना दिलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा निबंध ४ जूनला मागे घेतला गेला, कारण माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर या कंपनीने मूळ माहिती स्वतंत्र तपासणीला दिलीच नाही. सहलेखकांनीही ती स्वतः पाहिलेली नव्हती.

बनावट जर्नलात निबंध अडकला असेल तर आधी लेखी माघार कळवा, कॉपीराइटच्या कागदावर सही केली नसल्यास तेही लिहा, आणि ‘माघारीचं शुल्क’ भरू नका. ईमेलांच्या प्रती गाइड आणि विभागाकडे द्या. तो निबंध संकेतस्थळावर दिसत असेपर्यंत तोच मजकूर दुसरीकडे पाठवायचा झाला तर नव्या संपादकाला आधी हे सगळं सांगूनच पाठवा.

शेवटची तपासणी संदर्भसूचीची. मागे घेतलेले निबंध वर्षानुवर्षं निर्धास्तपणे उद्धृत होत राहतात. संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर, मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या माहितीसाठ्याशी जोडलेलं आहे. सूचीतला एखादा निबंध मागे घेतलेला असेल तर त्यावर लाल खूण येते. सूची त्यात भरा आणि अंतिम प्रूफ परत पाठवण्याच्या दिवशी पुन्हा एकदा उघडून पाहा.